चाळिशीनंतरची नेमबाजी : फ्रंट साइटसाठी चष्म्याचा नंबर कसा ठरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४. मुख्य प्रकार १० मीटर एअर पिस्तूल, अधूनमधून ५० मीटर रायफल प्रोन (पालथं झोपून). दूरचा नंबर +०.५०, सिलिंडर (एकाच दिशेतली धूसरता घालवणारा नंबर) −०.५०, ॲक्सिस (त्याची दिशा, अंशांत) ९०; वाचनाचं ॲडिशन (वाचण्यासाठी दूरच्या नंबरात मिळवायचा नंबर) +२.००. रोजच्या प्रोग्रेसिव्ह (दूर, मध्यम, जवळ एकाच काचेत) चष्म्यातून फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची पट्टी) धूसर दिसते. मान मागे टाकली तर ती सापडते, पण वीसेक शॉटनंतर मान आखडते. वाचायचा वेगळा चष्मा घालून पाहिला, तर टार्गेटवरचा काळा गोलच दिसेनासा झाला. नेमबाजीसाठी चष्मा कोणत्या नंबरचा करावा, आणि आयरिस (काचेवर बसणारं, लहान-मोठं करता येणारं छिद्र) घ्यावी का?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. पिस्तुलासाठी दूरच्या नंबरात +०.७५ मिळवा. म्हणजे काच होईल +१.२५, सिलिंडर −०.५०, ॲक्सिस ९०. एकाच नंबरची साधी काच, प्रोग्रेसिव्ह नाही, बायफोकल नाही. काच घडवण्यापूर्वी हा नंबर आणि त्याहून पाव नंबर जास्त, असे दोन्ही ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या, काचा बदलता येणाऱ्या चष्म्यात) घालून उभं राहून तपासा. रायफलसाठी दूरच्या नंबरात +०.५० पुरेल. आयरिस आत्ता घेऊ नका. नंबर बरोबर बसल्याशिवाय तिचा खरा उपयोग कळत नाही.

आता कारणं. ती समजून घेतली, तर पुढे दर दोन वर्षांनी नंबर बदलताना कुणाला विचारावं लागणार नाही.

डोळा किती जवळ फोकस करू शकतो, हे डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि हिशेब सोपा आहे: एकाला मीटरमधल्या अंतराने भागायचं. एक मीटरवरच्या वस्तूसाठी १ डायॉप्टर, अर्ध्या मीटरसाठी २, चाळीस सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी २.५. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि ही ताकद घटते. सरासरी काढायचं एक जुनं सूत्र आहे: १८.५ मधून वयाची ०.३ पट वजा करा. चाळिशीला ६.५ येतात, पन्नाशीला ३.५, साठीला जेमतेम अर्धा. प्रत्यक्षात भिंगाची हालचाल यापेक्षाही कमी असते, कारण मोजताना लहान बाहुलीमुळे मिळणारी थोडी स्पष्टता त्या आकड्यात मिसळलेली असते. म्हणून ५४व्या वर्षी डोळ्यात शिल्लक काहीतरी आहे, पण ६० शॉट आणि सव्वा तासाची स्पर्धा त्या शिलकीवर काढता येत नाही. सुरुवातीचे शॉट नीट जातात, मग साइट हळूहळू मऊ होत जाते. पंचेचाळीस-पन्नाशीतले अनेक नेमबाज याला ट्रिगरची किंवा दमण्याची चूक समजून महिनोनमहिने भलतीच दुरुस्ती करत बसतात.

पिस्तूल समोर धरल्यावर डोळ्यापासून फ्रंट साइट साधारण ८० ते १०० सेंटिमीटरवर येते. ९० सेंटिमीटर धरू. १ भागिले ०.९, म्हणजे १.११ डायॉप्टर. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे ०.१ डायॉप्टर. दोघांमध्ये एका डायॉप्टरचं अंतर आहे. दोन्ही एकाच वेळी पूर्ण स्पष्ट दिसणं कुठल्याही वयात शक्य नाही. विशीतल्या नेमबाजालाही दिसत नाही. त्याचा डोळा साइटवर येऊन थांबतो, एवढाच फरक. आपल्याला ते थांबणं काचेने करून द्यायचं आहे.

धूसरपणा किती, हेही मोजता येतं. बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला फोकसच्या चुकीने (डायॉप्टरमध्ये) गुणा, की धूसर कडेची रुंदी मिलिरेडियनमध्ये मिळते. एक मिलिरेडियन म्हणजे एका मीटरवर एक मिलिमीटर, दहा मीटरवर दहा मिलिमीटर. भिंग पूर्ण स्थिर आहे आणि बाहुली ३ मिलिमीटर आहे असं धरून चार काचा पाहू. नुसता दूरचा नंबर घातला, तर टार्गेटच्या कडेला फक्त ३ मिलिमीटरची धूसर पट्टी दिसते, पण फ्रंट साइटवर जवळपास ३ मिलिमीटरची. साडेचार मिलिमीटर रुंदीच्या साइटवर तीन मिलिमीटर धूसर म्हणजे कडा उरलीच नाही. +०.७५ मिळवलं, तर साइटवर सुमारे १ मिलिमीटर आणि टार्गेटवर २० मिलिमीटरच्या आसपास. +१.०० मिळवलं, तर साइटवर ०.३ मिलिमीटर, टार्गेटवर २७. आणि वाचनाचं +२.०० मिळवलं, तर साइटवर अडीच मिलिमीटरच्या जवळ आणि टार्गेटवर ५७. एअर पिस्तुलाच्या काळ्या गोलाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. तुमचा गोल का नाहीसा झाला, ते या एका आकड्यात आहे. शिवाय वाचायच्या चष्म्यातून साइटही नीट दिसत नाही. तो चष्मा पन्नास सेंटिमीटरवर फोकस करतो आणि तिथे तुमचं कोपर असतं.

म्हणून वाचनाचा नंबर आणि नेमबाजीचा नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ॲडिशन १.५० असो की २.५०, फ्रंट साइट त्याच जागी असते. नंबर ठरतो तो दोनच गोष्टींवर: दूरचा अचूक नंबर आणि डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर.

मग पूर्ण +१.११ का नाही? कारण साधारण पाव ते तीस शतांश डायॉप्टरपर्यंतची चूक डोळा स्पष्टतेतच धरून चालतो, आणि तुमच्या वयात थोडी स्वतःची ताकदही शिल्लक आहे. +०.७५ ला साइट त्या मर्यादेत येते आणि टार्गेट बऱ्यापैकी काळं राहतं. पण ‘पिस्तुलाला +०.७५’ हा सरसकट नियम म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. साठी-पासष्टीनंतर भिंगात हालचाल उरत नाही, मंद उजेडात बाहुली मोठी होते, हात आखूड असेल तर साइट ८० सेंटिमीटरवर येते. अशा नेमबाजाला +१.०० किंवा क्वचित +१.२५ लागतं. उलट पंचेचाळिशीतल्याला +०.५० पुरतं. आणखी एक: ज्यांना दूरचा −१.०० नंबर आहे आणि सिलिंडर नाही, त्यांचा उघडा डोळा नेमका एका मीटरवर फोकस करतो. त्यांना पिस्तुलासाठी नंबराची काचच लागत नाही. सुरक्षेसाठी साधी काच हवी, एवढंच.

साइट आणि टार्गेट यांतलं काय धूसर झालेलं चालतं, यावर गोंधळ असतो, तोही आकड्याने मिटवू. एअर पिस्तुलात दोन साइटमधलं (पुढची फ्रंट आणि मागची, खाचेची रिअर) अंतर सुमारे ३६ सेंटिमीटर. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत एक दशांश मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर शॉट २.८ मिलिमीटर सरकतो. एअर पिस्तुलात एका रिंगेची रुंदी ८ मिलिमीटर आहे, म्हणजे तीन दशांश मिलिमीटरला एक रिंग गेली. उलट टार्गेटचा गोल चारी बाजूंनी सारखाच धूसर होतो, त्याचा मध्य हलत नाही. मऊ कडेच्या राखाडी गोलाखाली जागा धरून उत्तम स्कोअर करता येतो. मऊ कडेच्या साइटने नाही.

मोजमाप

चष्मा बनवण्यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश करा. रिकामं, सुरक्षित पिस्तूल घेऊन नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा, हात पूर्ण ताणा, डोकं नेहमीच्या जागी आणा. दुसऱ्या माणसाला मऊ टेपने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटच्या मागच्या कडेपर्यंत मोजायला सांगा. तीन वेळा हात खाली घेऊन पुन्हा मोजा आणि मधलं माप धरा. पाच सेंटिमीटरच्या आत माप जुळलं की बस. ९० ऐवजी ८० झालं, तर फरक ०.१४ डायॉप्टरचा पडतो, पाव नंबरच्या निम्म्याहून थोडा जास्त. रायफलसाठी हेच माप प्रोनमध्ये झोपून घ्या. तिथे नळीवर एक्स्टेन्शन असेल, तर साइट एक मीटरच्या पुढेही जाते.

दूरचा नंबर सहा महिन्यांपेक्षा जुना असेल, तर आधी तो नव्याने तपासून घ्या. रोजच्या चष्म्यात पाव नंबर आणि अर्धं सिलिंडर ‘सोडून दिलेलं’ असतं, कारण चालण्या-फिरण्यात ते जाणवत नाही. साइटवर मात्र जाणवतं. तपासणाऱ्यांना स्पष्ट सांगा की अर्ध्याचं सिलिंडरही हवं आहे, गोळाबेरीज करून टाकू नका.

तपासणीच्या खोलीत पिस्तूल नेऊ नका. त्याऐवजी पांढऱ्या जाड कार्डावर रिअर साइटची चौकोनी खाच आणि तिच्यात साडेचार मिलिमीटर रुंदीची काळी पट्टी असं चित्र कापून चिकटवा आणि काठीवर लावा. काठीवर मोजलेल्या अंतराची खूण करा. समोर १० मीटर जागा असेल, तर ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल लावा; पाचच मीटर असेल, तर ३० मिलिमीटरचा. खोलीतले दिवे चालू ठेवायला सांगा. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होते आणि तिथे ठरवलेला नंबर रेंजवर गरजेपेक्षा जास्त निघतो.

आता ट्रायल फ्रेममध्ये दूरचा नंबर बसवा आणि वर +०.२५ पासून पाव-पाव वाढवत जा. प्रत्येक काचेला एकच प्रश्न विचारा: काळ्या पट्टीची कडा आधीपेक्षा तीक्ष्ण झाली का? ‘बरी वाटते’ हे उत्तर नाही. वरची कडा आणि दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या फटी वेगवेगळ्या पाहा. ज्या काचेनंतर आणखी पाव वाढवूनही कडा सुधारत नाही आणि गोल मात्र फिकट होतो, ती शेवटची उपयोगी काच. म्हणजे साइट स्पष्ट करणारा सगळ्यात कमी प्लस हवा. त्यावर दोन मिनिटं नजर ठेवून बसा. पहिल्या पंधरा सेकंदांत +०.५० छान वाटतं आणि दोन मिनिटांनी कडा विरघळते, असं झालं तर तो नंबर तुमच्या शिलकीवर चालला होता, पाव वाढवा.

वरची कडा तीक्ष्ण पण बाजूच्या फटी मऊ, किंवा उलट, असं दिसलं तर प्लस कमी-जास्त करून ते जाणार नाही. ते सिलिंडरचं लक्षण आहे. सिलिंडरची ताकद किंवा ॲक्सिस पुन्हा तपासायला लावा. साइटला पुसटशी दुसरी प्रत दिसत असेल, तरी आधी संशय सिलिंडरवर घ्या, त्यानंतर मोतीबिंदूवर.

काच कशी बसते यावर सगळं अवलंबून

नंबर बरोबर आणि काच वाकडी, तर नंबर चुकीचाच. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा तुमचा त्रास असाच आहे: मधल्या अंतराचा पट्टा काचेत खाली आणि अरुंद असतो, आणि नेमबाजीत आपण काचेच्या वरच्या आतल्या भागातून पाहतो. प्रोनमध्ये तर डोळा भुवईच्या जवळून, नाकाच्या बाजूने पाहतो. तिथे साध्या एक-नंबरी काचेतही अडचण येते, कारण नजर काचेला तिरकी भिडते.

तिरकेपणाची किंमत सांगतो. काच नजरेच्या रेषेला काटकोनात नसेल, तर ती स्वतःहून नवं सिलिंडर तयार करते; त्याची ताकद म्हणजे काचेचा नंबर गुणिले तिरकेपणाच्या कोनाच्या टॅनचा वर्ग. −४.०० ची काच २० अंश तिरकी असेल, तर अर्ध्या डायॉप्टरहून थोडं जास्त सिलिंडर फुकट मिळतं. तुमच्यासारख्या +१.२५ ला तेच ०.१७ होतं, फारसं जाणवणार नाही. म्हणून कमी नंबरवाल्यांनी महागडी नेमबाजीची फ्रेम लगेच घेण्याची गरज नाही. ±२.५० च्या पुढे मात्र ती घ्याच. आणि चेहऱ्याभोवती वळणाऱ्या खेळाच्या गॉगलमध्ये मोठा नंबर बसवण्याचा मोह टाळा.

नेमबाजीची फ्रेम म्हणजे नाकावर बसणारी एक दांडी आणि तिच्यावर सरकणारा, वर-खाली होणारा, फिरणारा गोल काचधारक. क्नोब्लोख, चॅम्पियन, वार्गा या नावांच्या फ्रेम जगभर वापरात आहेत. काचेचे व्यास साधारण २३, ३७ आणि ४२ मिलिमीटर. २३ ची काच हलकी असते आणि तिच्यावर फिल्टर-आयरिस सहज बसतात, पण डोकं जरा हललं की काठ नजरेत येतो. पिस्तुलाला मला ३७ बरी वाटते.

फ्रेम बसवताना क्रम पाळा. आधी नाकाचा आधार, मग कानाच्या दांड्या, म्हणजे फ्रेम हलणार नाही. पवित्र्यात उभे राहून डोळे मिटा, डोकं नैसर्गिक जागी येऊ द्या, डोळे उघडा आणि डोक्याला हात न लावता काच नजरेकडे सरकवा. डोकं काचेकडे न्यायचं नाही. सहाय्यकाला टार्गेटच्या बाजूने, सुरक्षित असतानाच, पाहायला सांगा: काचेत बाहुली बरोबर मध्ये दिसली पाहिजे. मग तो वरून आणि बाजूने पाहील: काचेची पातळी नजरेला काटकोनात आहे का. जुळलं की सगळ्या स्क्रूंवर पेन्टची बारीक खूण करा.

सिलिंडर असलेल्या काचेवर ॲक्सिसची खूण हवीच. गोल काच धारकात फिरते आणि फिरल्याचं कळत नाही. ॲक्सिस १० अंशांनी चुकला, तर −१.०० च्या सिलिंडरचा एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता उरतो. ३० अंशांनी चुकला, तर सिलिंडर लावल्याचा काहीच फायदा राहत नाही. काच देताना वरच्या काठाला बाराच्या जागी ठिपका करून घ्या आणि धारकावर त्याच्यासमोर दुसरा. इथे एक गैरसमज पसरला आहे, की रायफलवर गाल टेकवताना डोकं कलतं म्हणून ॲक्सिसही तेवढा बदलावा. चष्मा डोक्यावरच असतो, तो डोक्याबरोबरच कलतो, त्यामुळे डोळा आणि काच यांचं नातं तेच राहतं. काचधारक दांडीवर फिरवून बसवला असेल, तरच ॲक्सिस बिघडतो. तेव्हा खूण भुवयांच्या रेषेशी जुळवा, जमिनीशी नाही.

काच मधोमध नसेल तर शॉट एका बाजूला जातात, असंही म्हणतात. तसं होत नाही. रिअर, फ्रंट आणि टार्गेट ज्या किरणात एका रेषेत दिसतात, तो काचेपर्यंत सरळच आलेला असतो. काच त्याला नंतर वळवते. बिघडते ती स्पष्टता, झिरो (साइटची बसवलेली नेमजुळणी) नाही. झिरो सरकला असेल, तर कारण पकडीत किंवा डोक्याच्या जागेत शोधा.

मोठ्या नंबरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच डोळ्यापासून रोजच्या चष्म्यापेक्षा पुढे असते. −६.०० ची काच एक सेंटिमीटर पुढे गेली, की तिचा परिणाम −५.६५ च्या आसपास उरतो. प्लस काच उलट जास्त जोरदार होते. ±४.०० च्या पुढे अंतिम तपासणी त्या फ्रेममध्येच करून घ्या.

काचेवर दोन्ही बाजूंनी प्रतिबिंबरोधक लेप हवा, नाहीतर मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब साइटवर तरंगतं. आणि खरी काच, म्हणजे ग्लास, टाळा. एअर पिस्तुलात छर्ऱ्याचा तुकडा उलटून येऊ शकतो. २५ मीटरच्या प्रकारात शेजारच्या पिस्तुलाची रिकामी पुंगळी येते. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स घ्या. २३ मिलिमीटरची उघडी काच डोळ्याचं संरक्षण करत नाही, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या डोळ्यासमोरही काहीतरी टिकाऊ हवं.

आयरिस

आयरिस म्हणजे काचेवर बसणारं, लहान-मोठं करता येणारं छिद्र. तिचं काम वरच्या हिशेबातूनच कळतं: बाहुली ३ ऐवजी १.५ मिलिमीटर झाली, की धूसर पट्टी निम्मी होते. साइट आणि टार्गेट दोन्ही सुधारतात, म्हणून पहिल्या दिवशी ती जादूसारखी वाटते. पण तिच्या दोन किमती आहेत. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. व्यास निम्मा केला की उजेड चौथाई. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, त्यावर ही कपात. दुसरं, छिद्र फार लहान केलं की प्रकाश त्याच्या कडेवर पसरतो आणि पसरण्यामुळेच धूसरता येते. एक मिलिमीटरच्या छिद्राला हा पसारा कोनाच्या दोन मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पुढे जातो, तर चांगला डोळा एका मिनिटाचा तपशील पाहतो. म्हणून १ मिलिमीटरच्या खाली जाऊन काही मिळत नाही. डोळ्यातल्या तरंगत्या काड्या आणि भिंगावरचे डागही लहान छिद्रातून ठळक दिसू लागतात.

वापरताना पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करा. साइट पांढऱ्या भिंतीवर धरा, हळूहळू बंद करत जा, आणि फटींमधला पांढरा राखाडी व्हायला लागला की तिथून थोडी उघडा. एका बाजूची फट काळवंडलेली दिसली, तर छिद्र बाहुलीसमोर नाही. चुकीचा नंबर झाकायला आयरिस वापरणारे बरेच दिसतात. उजेड कमी झालेल्या रेंजवर त्यांचं सगळं कोसळतं.

रायफल

रायफलच्या मागच्या साइटमधलं, म्हणजे पीपमधलं छिद्र हीच एक आयरिस आहे, त्यामुळे इथे डोळ्याला बरीच सवलत मिळते. फ्रंट साइट साधारण एक मीटरवर, टार्गेट ५० मीटरवर. दोघांच्या मध्यावर फोकस आणायचा तर +०.५० मिळवायचं. छिद्र १.१ मिलिमीटर असेल, तर दोन्हीवर उरणारी चूक अर्ध्या डायॉप्टरची आणि धूसर पट्टी अर्ध्या मिलिरेडियनच्या आसपास. हे पुरेसं आहे. वयस्क नेमबाजाने पीप १.० च्या खाली नेऊ नये. मंद उजेडात १.३-१.४ पर्यंत जावं.

रायफलमधली खरी चूक बहुतेकदा पुढच्या रिंगेत (फ्रंट साइटमधल्या गोल कड्यात, ज्यात टार्गेटचा गोल बसवायचा) असते. एअर रायफलचा काळा गोल ३०.५ मिलिमीटर, दहा मीटरवर तो सुमारे ३ मिलिरेडियनचा दिसतो. एक मीटरवरची ३.६ मिलिमीटरची रिंग त्याच्या चहूबाजूंना कोनाच्या एका मिनिटाएवढीही पांढरी पट्टी ठेवत नाही. तुमच्या डोळ्यातला धूसरपणाच त्याहून मोठा आहे, म्हणून रिंग आणि गोल एकमेकांत मिसळतात आणि डोळा जुळवत बसतो. ४.२-४.४ ची रिंग लावा, पट्टी दुपटीहून जास्त रुंद होते आणि निर्णय लवकर होतो. रिंग मोठी केली की अचूकता जाईल ही भीती निराधार आहे. गोल आणि रिंग यांचं एकाच मध्याभोवती असणं डोळा फार बारकाईने ओळखतो.

नंबराची काच चष्म्यात ठेवायची की पीपमध्ये, याबाबत आपल्या स्पर्धेचा नियम वाचूनच ठरवा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारात नंबराची काच किंवा फिल्टर पिस्तुलावर लावता येत नाही, चष्म्यात चालतं. काच रायफलवर असेल, तर मात्र डोक्याचा कल ॲक्सिसमध्ये धरावाच लागतो.

दुसरा डोळा मिटू नका. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि नेमाच्या डोळ्याची बाहुली मोठी होते. त्याच्यासमोर ब्लाइंडर (नजर अडवणारी पट्टी) लावा, पांढरा, अर्धपारदर्शक. काळ्या ब्लाइंडरनेही बाहुली मोठी होते. आयएसएसएफच्या स्पर्धेत समोरचा ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. फिल्टरबाबत: उघड्या मैदानावर प्रखर ऊन असेल, तेव्हा राखाडी, ढगाळ असेल, तेव्हा पिवळा करून पाहा, बंदिस्त रेंजवर चाळिशीनंतर बहुतेकांना काहीच न लावणं चांगलं.

स्कीट-ट्रॅपला यातलं काही लागू नाही. तिथे नजर उडत्या टार्गेटवर असते, म्हणून दोन्ही डोळ्यांना पूर्ण दूरचा नंबर, मोठी काच, प्लस शून्य. रेड डॉट आणि दुर्बिणीच्या साइटलाही दूरचाच नंबर. ठिपका धूमकेतूसारखा लांबट दिसला, तर सिलिंडर राहिलं आहे.

नंबर आणि डोळा

रक्तातली साखर वर-खाली होत असेल, तर नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच काच करा. नंबर सहा महिन्यांत अर्ध्याहून जास्त बदलला किंवा मायनसकडे सरकत चालला, तर चष्मा नव्हे, मोतीबिंदूची तपासणी आधी.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर नेमाचा डोळा कोणता आणि साइट किती अंतरावर असते, हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना लेखी द्या. नेमाच्या डोळ्यात मल्टिफोकल भिंग टाळलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे: ते प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटतं, काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करतं आणि साइटभोवती वलय आणतं. एकाच अंतराचं, दूरचं भिंग बसवा आणि साइटसाठी चष्म्यात प्लस घ्या. त्या डोळ्यात हालचाल मुळीच नसते, म्हणून +०.७५ ऐवजी +१.०० लागण्याची तयारी ठेवा. नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी केलेली काच वाया जाते. रिकॉइल असलेल्या शस्त्राला हात कधी लावायचा, ते डॉक्टरच सांगतील.

काचबिंदूच्या थेंबांकडे विशेष लक्ष द्या. टिमोलॉल असलेले थेंब फार सर्रास दिले जातात, आणि टिमोलॉल बीटा-ब्लॉकर आहे. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत बीटा-ब्लॉकर नेमबाजीसाठी स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत, आणि डोळ्याचे थेंबही त्यात येतात. बाटलीवर दोन औषधांचं मिश्रण असेल, तर दोन्ही नावं वाचा. थेंब स्वतःहून बंद करू नका, त्याने नजर जाऊ शकते. डॉक्टरांना खेळ सांगा आणि दुसरा पर्याय मागा.

तुमच्यासाठी पुढचा क्रम असा: दूरचा नंबर नव्याने, साइटचं अंतर टेपने, कार्ड घेऊन ट्रायल फ्रेम, मग +१.२५ ची साधी काच नेहमीच्या लहान, सपाट फ्रेममध्ये. फ्रेम थोडी उंच बसवून घ्या, म्हणजे नजर मध्यातून जाईल. दोन आठवडे त्यावर सराव करा. शेवटच्या वीस शॉटमध्येही साइटची वरची कडा पहिल्या शॉटसारखी तीक्ष्ण असेल, तर नंबर बसला. मऊ होत असेल, तर पुढची काच +१.५० ची.